मळ्यात पाठवलेला काका

आमच्या घरात सगळ्या वडीलधाऱ्यांना आम्ही अहोजाहो करत असू. एकट्या धाकट्या काकाला अरेतुरे. तो तिशीला आला होता, पण समज सहा-सात वर्षांच्या पोराएवढी. गाव त्याला ‘येडा’ म्हणे. तेच गाव पेरणीची पहिली मूठ त्याच्या हातून टाकून घेई, त्याच्या हाताला बरकत आहे म्हणून. पंगतीत मात्र त्याच्या शेजारी कुणी बसत नसे.

मी अकरा वर्षांची असताना ताईला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचे वडील निजामाच्या तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे स्थळ मोठं. आजीनं काकासमोरच मला बजावलं, “त्याला बघितलं तर रक्तातच येड हाय म्हनतील. पोरीचं जमायचं न्हाय. तू त्याला घेऊन मळ्यात बस.”

काकानं धुतलेली बंडी घातली होती. विहिरीपाशी बसून तो सारखा विचारत होता, “पाव्हणे आले का गं?”

पाहुण्यांची गाडी नेमकी मळ्याच्या वाटेनं आली. बैलांना पाणी पाजायला ती विहिरीवर थांबली. पेशकारांनी मी कुणाची ते विचारलं, मी वडिलांचं नाव सांगितलं. काका हसत पुढे झाला.

“आणि हा कोण?”

“गडी हाय आमचा,” मी म्हणाले.

“मग बघत काय उभा राहिलास? बैलं धर.”

काकानं बैल धरले.

ताईचं जमलं. आजीनं माझ्या हुशारीचं कौतुक केलं.

लग्नाच्या पंगतीत वडिलांनी पहिल्यांदाच काकासाठी स्वतःच्या शेजारी पाट मांडला. काका दिसेना. तो मांडवाबाहेर गड्यांच्या रांगेत पत्रावळ घेऊन बसला होता. वडील तिथं गेले. मी तिथंच पाणी वाढत होते.

“इथं का बसलास? चल आत.”

“म्या गडी हाय,” काका म्हणाला.

“कुणी सांगितलं तुला?”

काकानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून तो वडिलांना म्हणाला, “दादा, हळू बोला. पाव्हणे ऐकत्याल. ताईचं मोडंल.”

वडील आत जाऊन बसले. शेजारचा पाट रिकामाच राहिला. तो शब्द माझा होता, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही. पुढे इंग्रजी शिकले, काकासारख्या माणसांवरची पुस्तकं वाचली. त्यांत समज कमी असण्याबद्दल पुष्कळ लिहिलं होतं.