दिवसाचा उजेड दवाखान्यात आणणारे मुलाणीसाहेब

इब्राहिम मुलाणीसाहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या बांधकाम खात्यातील जाणती मंडळी लिहिणारच आहेत. मी त्यातली नाही. मी नर्स, मुठा खोऱ्यातल्या एका सरकारी दवाखान्यात माझी चौदा वर्षे बाळंतपणे करण्यात गेली. तरीही संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, कारण ओव्हरसियर असताना साहेबांना तोंडावर टाकून बोलणारी तालुक्यात बहुधा मी एकटीच निघाले. आमची ओळख झाली ती तशीच, तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

मी रुजू झाले त्याच्या दोनतीन वर्षे आधी दवाखान्यात वीज आली होती. इमारत इंग्रजी अमदानीतली, दीड हात जाडीच्या दगडी भिंतींची, वर कौले. पण बाळंतपणाची खोली भर दुपारी अंधारी. छताखालचे झरोके विटांनी बुजवलेले, कौलांखाली पुठ्ठ्याचे छत ठोकलेले, आणि सकाळी आठपासून दोन ट्यूबलाइट व एक पंखा चालू. वीज गेली की काळोख आणि उकाडा दोन्ही एकदम येत. आमच्याच तालुक्यातल्या धरणाच्या पाण्यावर वीज तयार होऊन मुंबईला जात होती, आणि आम्ही इकडे कंदिलाच्या काचा पुसत बसलो होतो.

अशात एके सकाळी खाकी पँट घातलेले, हातात टेप घेतलेले एक किरकोळ शरीरयष्टीचे गृहस्थ आले. मला वाटले, मोजणीचे कारकून असतील. त्यांनी अदबीने विचारले, "सिस्टर, इथे तुम्हाला दिवा कधी लावावा लागतो?" मी आधीच वैतागलेली. म्हटले, "कधी लावावा लागत नाही ते विचारा. ज्या शहाण्याने हे झरोके बुजवले ना, त्याला एकदा भर दुपारी इथे सुई ओवायला बसवा." गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतले, "बसवतो," म्हणाले आणि गेले. मग कंपाउंडर हसत सुटले. ते गृहस्थ म्हणजे ओव्हरसियर मुलाणीसाहेबच होते, आणि वीज आली तेव्हा झरोके बुजवण्याचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले होते. मी जीभ चावली, पण शब्द मागे घ्यायचे नाहीत असेही मनाशी ठरवले.

पुढे त्यांनी मला त्यामागची हकीकत सांगितली. चिमण्यांच्या घरट्यांतल्या काड्या उकळलेल्या हत्यारांवर पडत, म्हणून डॉक्टरांची तक्रार होती. त्यातच वीज आली. गावाने खांबाला हार घातला, पेढे वाटले. आता बटण दाबले की उजेड मिळणार, मग भिंतीला भोके कशाला, असे सगळ्यांनाच वाटले. साहेबांनाही वाटले. त्या आनंदात कोणाचे काही चुकते आहे असे कोणालाच दिसले नाही.

साहेबांच्या त्या पहिल्या भेटीनंतर महिनाभराने, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, मुठा गावची तारा मारणे पहिलटकरीण म्हणून आली. मूल सुखरूप झाले. टाके घालायचे राहिले होते, एवढ्यात वादळ सुटून वीज गेली. कंदिलाच्या उजेडात मला रक्त कुठून येते तेच दिसेना. शेवटी तिला स्ट्रेचरवर घालून आम्ही व्हरांड्यात आणले, चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला आणि मी टाके घातले. आडोशापलीकडे औषधाच्या रांगेत पुरुषमाणसे उभी होती. तारा वाचली. पण तिची सासू जाताना मला म्हणाली, "पोरीची अब्रू वट्यावर मांडली तुमी. ह्यापरीस आमचा गोठा बरा व्हता."

हे बोलणे खोरेभर झाले आणि बायका यायच्या बंद झाल्या. माझे बाळंतपणाचे रजिस्टर महिनेच्या महिने कोरे राहू लागले. त्या पावसाळ्यात वरच्या वाडीतली एक बाई घरीच बाळंत होऊन अतिरक्तस्रावाने दगावली. दवाखाना तिच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. मी तिच्या दारात गेले तेव्हा कोणी माझ्याशी बोलले नाही. त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

साहेबांना हे कळले तेव्हा वरून नवे अंदाजपत्रक मंजुरीच्या वाटेवर होते: आणखी चार ट्यूबलाइट, आणखी दोन पंखे आणि वीज गेल्यावर चालवायला डिझेलचे इंजिन. साहेबांनी त्यावर टिपण लिहिले, की या खोलीला जास्त विजेची गरज नाही. झरोके आपण स्वतः बुजवले, ती चूक होती, ते उघडावेत. वरिष्ठांनी त्यांना बोलावून समजावले. झरोके उघडायचे तर खुशाल उघडा, पण नुसते 'दुरुस्ती' म्हणा. बढतीच्या यादीत नाव असताना स्वतःच्या हाताने चूक कशाला कबूल करता? त्यांच्या कचेरीतले कारकून तिथे हजर होते, त्यांनीच मला हे सांगितले. साहेब एवढेच म्हणाले, "चूक लिहिली नाही, तर उद्या दुसरा ओव्हरसियर दुसऱ्या गावात झरोके बुजवील." टिपण तसेच गेले. यादीत पुढे कोणाचे नाव आले आणि कोणाचे गेले, हे या ग्रंथाच्या वाचकांना मी सांगायला नको.

मंजुरी येईपर्यंत साहेब स्वस्थ बसले नाहीत. ते आमच्या खोलीत स्टूल टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसत आणि उजेड कुठवर येतो तिथे दर तासाला जमिनीवर खडूने रेघ ओढत. पहिल्या दिवसाच्या सगळ्या रेघा आमच्या झाडणाऱ्या सोनाबाईंनी दुसऱ्या सकाळी इमानेइतबारे पुसून टाकल्या. साहेबांनी कपाळावर आठी न आणता नव्याने सुरुवात केली. सोनाबाई ओशाळून म्हणाल्या, "मला काय ठावं, सायेब? मला वाटलं पोरान्नी लंगडी खेळलीया." साहेबांनी मग त्यांनाच शेजारी बसवून विचारले, की झाडताना कुठला कोपरा दिसत नाही. त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यावर साहेबांनी आराखड्यात दोन काचेची कौले जादा धरली.

दिवाळीनंतर काम झाले. पुठ्ठ्याचे छत निघाले, वर काचेची कौले बसली, झरोके उघडले, त्यांना चिमणी शिरणार नाही अशी बारीक जाळी बसली, भिंतींना पांढराशुभ्र चुना लागला आणि बाळंतपणाचे टेबल खडूच्या रेघांप्रमाणे हलवले गेले. वर तापलेली हवा झरोक्यांतून निघून जाऊ लागली. पंखा बहुतेक वेळ बंद राही. इंजिन आलेच नाही. पुढे एका दुपारी एक बाळंतपण आटोपून मी हात धूत होते, तेव्हा कंपाउंडर येऊन म्हणाले, "सिस्टर, तासभर झाला वीज जाऊन." मला पत्ताच नव्हता. ही हकीकत मी मोठ्या हौसेने साहेबांना सांगितली, तर ते काळजीने म्हणाले, "मग लसींच्या फ्रीजचं काय झालं?" कौतुक करून घेण्याची कला त्यांना कधीच साधली नाही.

नंतर त्यांनी तालुक्यातल्या कितीतरी जुन्या शाळा, चावड्या, कचेऱ्या अशाच सुधारल्या. पद्धत एकच. आधी हेडमास्तर किंवा साहेब लोकांना भेटायचे नाही. जो शिपाई किंवा जी बाई सकाळी पहिले बटण दाबते, तिला ते कुठे व का दाबावे लागते हे विचारायचे. पुष्कळ ठिकाणी उत्तर एखाद्या बंद खिडकीपुढे ठेवलेल्या कपाटापाशी सापडे. कपाट हलवले की काम झाले. अशा कामाला उद्घाटन नसते, कोनशिला नसते. रोषणाईची हौस असलेल्या आपल्या लोकांत दिवे बंद करत हिंडणाऱ्या माणसाला कोण विचारणार?

आता राहिलेली गोष्ट. दुरुस्तीनंतर दोनतीन महिन्यांत बायका परत येऊ लागल्या. तारासुद्धा दुसऱ्या खेपेला आली. मी समजून चालले, की अखेर लोकांना माझ्या हाताचा गुण कळला. साहेबांसमोरही मी ही फुशारकी अनेकदा मारली. ते मान डोलवत.

या लेखासाठी मागच्या महिन्यात ताराला भेटायला मुठ्याला गेले. बोलता बोलता विचारले, की एवढे झाल्यावर पुन्हा यायचा धीर कसा झाला? ती म्हणाली, "सायेब आल्ते की घरला, त्यांच्या मंडळीला घिऊन. सायेब भायेर बसले, बाई आत आल्या. मला न् सासूबाईला म्हनल्या, खोलीत अंधार व्हता ती आमच्या मानसाची चूक. नर्सबाईंवर राग धरू नगा, त्यांनी तुमचा जीव वाचिवला. आता लई उजेड हाय, या." मी विचारले, फक्त तुमच्याकडेच आले होते? "न्हाई वो. दर ऐतवारी एक वाडी करीत व्हते दोघं. ज्या घरात पोटुशी बाई, त्या घरात."

माझ्यावरचा बोल पुसण्यासाठी हे जोडपे उन्हातान्हात डोंगर चढले, आणि इतकी वर्षे माझ्या बढाया ऐकूनही दोघांनी त्याचा चकार शब्द काढला नाही. साहेबांच्या पत्नी जमीलावहिनींच्या हातचा चहा मी किती वेळा घेतला असेन! त्यांनी खोऱ्यात घरोघर जाऊन माझ्यावरचा दोष आपल्याकडे घेतला, तसे मी आज इथे सर्वांदेखत माझ्याकडचे श्रेय त्यांना देते आहे: त्या बायका माझ्यामुळे परत आल्या नाहीत, या दोघांमुळे आल्या. त्या बायकांची मुले आता शाळेत जातात. त्या मुलांच्या लग्नांत पहिल्या पंगतीला बसण्याइतकी ठणठणीत प्रकृती आणि तेवढे आयुष्य साहेबांना आणि वहिनींना लाभो, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे.