टाकीचा नळ

सगळे तिला काकू म्हणत, तिच्याहून थोरलेसुद्धा. अठरा गाई, गुडघ्यांवरून कुरकुरणारा नवरा आणि दूध गार ठेवायची एक टाकी, एवढा तिचा संसार. टाकीत दोन दिवसांचं दूध मावे. दिवसाआड टँकर यायचा आणि शहरातल्या बड्या दुकानासाठी ते ओढून न्यायचा. पूर्वी काकू दारोदार दूध घालायची. दुकान म्हणालं, कशाला वणवण करता, सगळं आम्हीच घेतो. तिनेही मोठ्या हौसेने घरोघरची गिऱ्हाइकं सोडून दिली.

यंदा दुकानाने भाव पुन्हा पाडला. चारा, पेंड, वीज सगळं चढलेलं, आणि दूध तेवढं उतरलेलं. काकूने आसपासच्या आठ गोठेवाल्यांना अंगणात बोलावलं.

"जुना भाव मिळेपर्यंत कुणी टाकीचा नळ उघडायचा नाही. दुकानातल्या फळ्या रिकाम्या पडल्या की येतील नाक मुठीत धरून."

शेजारचा टकल्या तर म्हणाला, "काकू, मी नळाला कुलूपच घालतो!"

"घाल, आणि किल्ली बायकोकडे दे. तुझा काही भरवसा नाही."

मग तिने दुकानाची खरेदी बघणाऱ्या साहेबाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "थांबा की, ताई," तो म्हणाला. "आम्हीही थांबतो. आम्हाला कसली घाई?" इतक्या गोडीने बोलला, की काकूला वाटलं, घाबरला मेला.

दुसऱ्या दिवशी टँकर रिकामा परत गेला. संध्याकाळी नवऱ्याने स्टुलावर चढून टाकीत डोकावलं. "काठोकाठ आलंय गं. आता?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. सारा जन्म दुधात गेला आणि नेमकं हेच विसरली! खिळे विकणारा माल अडवून खुशाल बसेल. गाईला कोण सांगणार, बाई गं, दोन दिवस दम धर? धार काढली नाही तर कास दगडासारखी होते, गाय तापाने फणफणते. साहेबाला हे पक्कं ठाऊक होतं.

बादल्या भरल्या, पातेली भरली, कपडे धुवायचा टब भरला. वासरांची पोटं तट्ट फुगली. उरलेलं काकूने स्वतःच्या हाताने गटारात ओतलं. वाटीभर दूध कधी वाया न घालवलेली बाई ती. ओतताना तिने मान फिरवली.

"अगं, टँकरवाल्याला फोन कर," नवरा म्हणाला.

"मीच सगळ्यांना शपथ घातली ना? कुठल्या तोंडाने करू?"

"गाईंच्या तोंडाकडे बघून कर."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ड्रायव्हरला फोन केला, चोरी केल्यासारखा हळू आवाजात.

"येतो, काकू. पण वेळ लागेल. तुमच्या आधी सात गोठे आहेत."

"सात?"

"टकल्याने तर कालच बोलावलं."

टँकर आला तो नव्या भावाची पावती घेऊन. थांबल्याबद्दल भाव आणखी थोडा पाडलेला. ड्रायव्हरने नळाला पाइप जोडला.

"आणि आठवा कोण रे? ज्याने नाही बोलावलं?"

"वरच्या अंगाला राहणारा तो तोतरा. त्याने शब्द पाळला. आज सकाळी गाई विकल्या."

"कितीला?"

"मिळेल त्या भावाने, काकू. सही करताय ना?"

काकूने मोडक्यातोडक्या अक्षरांत सही केली आणि धारेची वेळ झाली म्हणून गोठ्यात गेली.