एकाच पिंपातली

माझ्या मोठ्या साडूंइतका व्हिस्कीवर जीव टाकणारा आणि व्हिस्की न पिणारा माणूस अख्ख्या आखातात सापडायचा नाही. आम्ही अजमानहून फुजैराला त्यांच्याकडे मुक्कामाला जायचो, तेव्हा जेवणाआधी ते टोपणभर स्कॉच ग्लासात ओतायचे आणि पाऊण तास नुसते हुंगत बसायचे. तेवढ्यात मी सोडा घालून दोन पेग संपवलेले असायचे. ते माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे. एकदा म्हणाले, "अरे, ही ज्या लाकडी पिंपात मुरली ते ज्यानं बांधलं, त्याचा आजाही पिंपंच बांधत होता. त्या म्हाताऱ्याची तरी लाज ठेव."

स्कॉटलंडातल्या त्या भट्टीवाल्यांच्या वंशावळी त्यांना तोंडपाठ. कुणाच्या पणज्यानं ओढ्याकाठी भट्टी लावली, कुणाच्या सुनेनं युद्धाच्या काळात एकटीनं गोदाम सांभाळलं, सगळं साग्रसंगीत सांगायचे. सख्ख्या पुतण्याचं नाव मात्र दर वेळी बायकोला विचारायचे. लेक म्हणायची, "पप्पा, इट्स जस्ट अल्कोहोल," की दोन दिवस तिच्याशी अबोला. पण नाक मात्र खरंच असामान्य. बंदरावर जहाजांत तेल भरण्याच्या कामात त्यांची तीस वर्षं गेली. नमुन्याची बाटली उघडली की लॅबच्या आधी हेच सांगायचे, यात भेसळ आहे. माझी बायको आमटीत हिंग विसरली तर त्यांना जिन्यातच कळायचं.

त्यांच्या कपाटात एकच बाटली बंद होती. एकाच पिंपातली, छत्तीस वर्षं मुरलेली; ते पिंप केव्हाच संपलेलं. रिटायर होऊन कायमचं पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ती उघडायची, हे बारा वर्षं ठरलेलं. आणि गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन त्यांचं नाकच गेलं. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाला, येईल, इन्शाल्ला. कसलं काय! मला देवाचा भयंकर राग आला. माझं नाक नेलं असतं तर मला महिनाभर पत्ताही लागला नसता.

ठरल्या दिवशी त्यांनी मला एकट्यालाच बोलावलं. घर आवरून झालेलं, आम्ही पुस्तकांच्या खोक्यांवर बसलो. त्यांनी बाटली उघडली, दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि सवयीनं आपला ग्लास नाकाशी नेला. मग तो खाली ठेवून माझा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"तू सांग. काय येतंय?"

माझी पाचावर धारण बसली. धूर, मध, समुद्राचा खारेपणा, असं काहीबाही मी सांगायला लागलो. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"हे मी तुला शिकवलेलं आहे. तुला काय येतंय ते सांग."

मी डोळे मिटून हुंगलं. परत हुंगलं. व्हिस्कीचा वास येत होता, बस्स. वीस वर्षं या माणसाच्या शेजारी बसून मी नुसता पीत राहिलो होतो, आणि आज त्याला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं तर ते माझ्याकडे नव्हतं. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"चांगला वास आहे, भाऊ," मी म्हणालो.

"चांगला आहे ना? मग झालं."

त्यांनी आपला ग्लास माझ्या ग्लासात रिकामा केला आणि उरलेल्या खोक्यांना चिकटपट्टी लावायला उठले.