टाचेवरचा बिब्बा

आमच्या वावराच्या बांधावर बिब्ब्याचं झाड होतं. त्याचं पिकलेलं केशरी फूल आम्ही खायचो, बियांतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जायची आणि काळं तेल भेगाळलेल्या टाचांना. तेल मात्र सगळ्यांना सोसत नाही. ज्याला बिब्बा उततो, त्याची कातडी फोडांनी भरून येते.

कापसानं पाठोपाठ दगा दिला त्या वर्षांत मी पोलीस भरतीचा अर्ज भरला होता. आधी मैदान, मग लेखी. लेखीची मला भीती नव्हती, पण वेचणीत अनवाणी फिरून टाचा फाटल्या होत्या. धावायच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला आणि टपकणारं तेल भेगांत सोडलं.

"उतला तं?" मी विचारलं.

"काही होत नाही वं. मले कधी उतला का?"

हा कुठला न्याय! तिची कातडी काही माझ्या अंगावर नव्हती. पण टाच टेकवत नव्हती, म्हणून पाय तसाच पुढे धरला.

सकाळी यवतमाळला मैदानावर पोचलो तेव्हा पाय ठीक होता. बिब्बा लावल्यावर उन्हात जायचं नसतं, हे पथ्य आत्याला ठाऊक होतं. धावणं कोवळ्या उन्हातच उरकेल, असा तिचा अंदाज. नावं पुकारता पुकारता अकरा वाजले, तरी माझा नंबर येईना. आधी खाज सुटली, मग आग. बुटात पाय मावेना. कुंपणापलीकडून आत्या सावलीत जा म्हणून खुणावत होती. रांग सोडली असती तर नंबर गेला असता. मनातल्या मनात तिला शिव्या घालत मी उभी राहिले.

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीतच फोड फुटले. दुसऱ्या फेरीत माझ्या मागे कोणीच उरलं नव्हतं. रेघ ओलांडली, पण वेळ संपून गेली होती.

बाहेर येऊन मी बूट काढून भिरकावला आणि सगळ्यांदेखत ओरडले, "तुह्यामुळं गेलं सारं!"

आत्यानं बूट उचलून आणला. खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला, चिकटलेला मोजा हळूहळू सोडवला. टाच पाहिली आणि तिचा हात थांबला.

"मले वाटलं," ती म्हणाली, "तुहे तरी पाय वावरातून सुटतील."

मी तिच्या मांडीवरून पाय ओढून घेतला. त्याची मला आजही लाज वाटते.