पावाचा मोगरा

परवा माझी नात एक छोटा ओव्हन आणि रंगीत वड्यांचा डबा घेऊन आली. "आजी, ही पॉलिमर क्ले. हिची कानातली करायची आणि भाजायची. माझी नवी हॉबी!" मी एक वडी हातात घेतली, अंगठ्यानं दाबली आणि म्हटलं, "अगं, हा तर आमचा पाव!"

"कुठला पाव?" तिनं विचारलं. आणि मग झालं! लगदा मळला की तो नखांत बसतो, एक कण काढायला जावं तर चार निघतात. बोईसरच्या किश्शांचं अगदी तसंच आहे. एक सांगितला की दुसरा पुढे येऊन म्हणतो, माझं काय?

तर ऐका.

*

साठच्या दशकाची अखेर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. आमचे हे तिथे पाइपांच्या कामावर सुपरवायझर, बिऱ्हाड जवळच बोईसरला. आम्ही साताऱ्याकडचे, शेजारची नलू नागपूरकडची. दोघींचे नवरे सकाळी गेले की संध्याकाळी उगवायचे. मग दुपारी करायचं काय?

नलूनं तिच्या मावशीकडून एक विद्या आणली होती. शिळ्या पावाची साल काढायची, आतला पांढरा गर कुस्करायचा, त्यात गोंद, लिंबाचे चार थेंब आणि थोडं ग्लिसरीन घालून मळत बसायचं. हाताला चिकटेनासा झाला की तयार! त्याची फुलं करा, मणी करा, कानातली करा. वाळलं की अगदी चिनी मातीसारखं दिसतं.

मला वेडच लागलं. घरातला पाव पुरेना. एके सकाळी ह्यांनी चहाबरोबर ताटली पुढे ओढली, तर तीत नुसती तपकिरी सालं! ताटलीकडे बघत हे म्हणाले, "वा! या घरात फुलांना गर आणि माणसांना सालं!"

पण मुकाट्यानं खाल्ली हो. चहात बुडवून.

*

स्टेशनजवळचा बेकरीवाला उत्तरेकडचा होता. त्याच्याकडे आम्ही कालचा पाव मागायचो. ताजा पुढे केला तर नको म्हणायचो. बिचारा गोंधळून जायचा. एकदा नलू त्याच्याकडे गेली ती गळ्यात लाल फुलांची माळ घालूनच. त्यानं विचारलं, "भाभीजी, ये माला कहाँ से ली?"

नलू म्हणाली, "आप ही के यहाँ से!"

त्यानं माळेकडे पाहिलं, मग आपल्या पावांकडे पाहिलं. तेव्हापासून आम्ही दिसलो की आतल्या पोऱ्याला ओरडायचा, "अरे, पहनने वाला पाव निकाल!"

*

आता आक्का. त्यांच्याशिवाय पुढचं काही सांगताच येणार नाही.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांचा नवरा तापानं गेला. त्या परत माहेरी आल्या, आणि आम्ही बोईसरला बिऱ्हाड केल्यावर आमच्याकडे. आमच्या घरची रीत कडक होती. कुंकू नाही, फूल नाही, कानात-गळ्यात काही नाही. आणि ती रीत राखायला साताऱ्याकडचे काका होते, म्हणजे ह्यांचे आणि आक्कांचे चुलते. सासरे लवकर गेलेले, त्यामुळे काकांचा शब्द म्हणजे घरातला शेवटचा शब्द.

आम्ही दोघी लगदा मळायला बसलो की आक्का कोपऱ्यात तांदूळ निवडायच्या. आमच्याकडे बघायच्या नाहीत, पण निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायच्या! शेवटी एक दिवस त्यांना राहवेना. सूप बाजूला सारून माझ्या हातातलं फूल त्यांनी काढून घेतलं. "शालू, हा मोगरा आहे की कोबीचा गड्डा? आण इकडे."

त्या दिवसापासून आक्का आमच्या मास्तरीणबाई झाल्या. त्यांचं फूल बघून आपलं फूल लपवावंसं वाटायचं.

नलूचं तोंड मोकळं. तिनं एकदा सरळ विचारलं, "अवो आक्का, एवढं सुंदर करता, तुमी स्वतः काहून नाई घालत जी?"

"मला काय करायचंय," आक्का म्हणाल्या.

पण मला एक गोष्ट माहीत होती. आक्कांच्या दोन्ही कानांच्या भोकांत खराट्याच्या काडीचे बारीक तुकडे असायचे. भोकं बुजू नयेत म्हणून पोरीबाळी घालतात ना, तसे. आंघोळ झाली की त्या काड्या बदलायच्या. इतकी वर्षं रिकामे कान ती बाई उघडे ठेवून होती! कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला लागू नये इतकं ते कळत होतं.

*

माकुणसारकडची एक बाई फुलांची पाटी घेऊन दारावर यायची. आक्कांनी तिच्याकडे मोगऱ्याची एक कळी मागितली. ती बाई मोठ्या मनाची. तिनं अख्खा गजराच काढून दिला. "घ्या ना बाय, माला डोक्यात!"

"डोक्यात नको गं. नमुन्याला हवी. एकच दे."

ती कळी आक्कांनी वाटीभर पाण्यात ठेवली आणि दिवसभर कामं करता करता तिच्याकडे बघत राहिल्या. आधी कुठली पाकळी सुटते, मग कुठली, टोक कुठे वळतं. संध्याकाळपर्यंत फूल पुरं उमललं. दुसऱ्या दिवशी आक्कांनी पावाचा मोगरा केला तो त्याच क्रमानं. नलू तो नाकाशी नेऊन म्हणाली, "बाप्पा! वास यायचाच राहिला फक्त!"

वासाची ती कसर पुढे भरून निघाली. तोच किस्सा सांगते.

*

बोईसरची हवा दमट. आमची फुलं वाळायच्या आधी त्यांना बुरशी यायची नाहीतर मुंग्या. आमची मासळीवाली हिराबाई समुद्रकाठच्या दांडी गावची. टोपली उतरवता उतरवता तिनं आमचं रडगाणं ऐकलं आणि म्हणाली, "द्या मना. आमच्या दांडीला काय वारा हाय! दोन दिसात कडकडीत करून आनते."

आम्ही खूश! ह्यांच्या साहेबांच्या बाईंकडे हळदीकुंकू होतं, त्यासाठी केलेल्या सगळ्या माळा तिच्याकडे दिल्या. शब्दाप्रमाणे परत आल्या. खणखणीत वाळलेल्या, एक पाकळी तुटलेली नाही. आम्ही घालून निघालो.

वाटेत नलूच्या मागे एक मांजर लागलं. मग दुसरं. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा वरात झाली होती! हिराबाईनं आमच्या माळा बोंबलांच्या शेजारी, त्याच बांबूंवर टांगल्या होत्या. आत गेल्यावर साहेबांच्या बाई अत्तरदाणी घेऊन आल्या, थबकल्या आणि आम्हाला दोनदा अत्तर लावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हिराबाईला जाब विचारला. तिनं माळ नाकाशी धरली, नीट हुंगली आणि म्हणाली, "बोंबलाचा वास? मना तं नाय येत. मना नुसता पावाचा येतो. तोच घान हाय!"

*

साहेबांच्या बाई मात्र भल्या. त्यांनी वास विसरून निळी कानातली करायला सांगितली. रंग म्हणून आम्ही लगद्यात दौतीतली शाई घातली होती. उकाड्यात बाईंना घाम आला, शाई सुटली आणि दोन्ही बाजूंनी मान निळीजांभळी! आरशात बघून त्या म्हणाल्या, "अगं बाई, आता लोक आमच्या साहेबांकडे कुठल्या नजरेनं बघतील!"

त्यावरून आक्कांनी कायदा केला. कुठलीही वस्तू हातातून जाण्याआधी कुणीतरी ती दिवसभर अंगावर घालून कामं करायची. चुलीपुढे बसायचं, पाणी भरायचं, उन्हात जायचं. टिकली तरच द्यायची. या कामाला माझी निवड झाली, कारण मला घाम फार!

या प्रकाराला नाव दिलं आमच्या ह्यांनी: टेस्टिंग. तो त्यांचा कामावरचा शब्द. घरात फळी डुगडुगत असेल, नळ गळत असेल, काही विचारा, उत्तर एकच: "टेस्टिंग चालू आहे." मी चिडले की हसून सांगायचे, "अगं, साइटवर टेस्टिंग म्हटलं की मोठा साहेबसुद्धा पुढे काही विचारत नाही!"

*

मग एकदा काका आले. उंच, पांढऱ्या मिशा, खोकले तरी घर सरळ बसायचं. आक्का फुलं करत होत्या. काकांनी एक मोगरा उचलून पाहिला. "कुणासाठी?"

"शेजारणींसाठी."

"असू दे. हाताला काम बरं." तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. "यमे, कानात काड्या कशाला?"

आक्का आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा कानांत काड्या नव्हत्या. काका परत गेले तरी काड्या परत आल्या नाहीत. मला त्या दिवसांत काकांचा इतका राग यायचा की त्यांचं नाव निघालं तरी हातातला लगदा बडवला जायचा. काका वाईट नव्हते. पुतणीला परत आणायला तेच बैलगाडी घेऊन गेले होते, आणि येताना वाटभर रडत होते असं हे सांगायचे. पण रीत म्हणजे रीत!

कानांतल्या काड्या गेल्याचं हिराबाईच्या लगेच लक्षात आलं. तिनं आक्कांच्या कानाची पाळी चिमटीत धरून उजेडाकडे वळवली. "बाय, ह्यो कान बुजत चालला. आजून महिनाभरात परत टोचाय लागंल."

"बुजू दे," आक्का म्हणाल्या.

हिराबाई टोपलीशेजारी बसकण मारून म्हणाली, "माजा बाप दर्याव गेला तो आलाच नाय. आयशीनं कानातला काडला नाय. लोकांनी इचारला, तं बोलली, त्यो आला न मना वळकला नाय तं?"

मग नलू एकदम उठून पाणी प्यायला गेली, आणि मी इतका वेळ विळीवर कोबी चिरतच राहिले की दोन दिवस आम्ही कोबी खाल्ला.

*

त्यानंतर मी आणि नलूनं एक बेत केला. आक्कांसाठी आपण कानातली करायची. त्यांच्या नकळत, त्यांनी शिकवलेल्या क्रमानं. मोगऱ्याच्या दोन कळ्या, मागे चांदीच्या तारेचा आकडा. पालघरला औषधांच्या दुकानात ग्लिसरीन आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "काय वहिनी, ओठ फुटलेत?" नलू म्हणाली, "नाई जी, मोगरा फुटून राहिला!"

फुटतच होता. एक कळी जाड, दुसरी वाकडी. तरी तशाच नेऊन आक्कांच्या हातावर ठेवल्या. आक्कांनी त्या उलटसुलट करून बघितल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, या कळ्या आहेत की भुईमुगाच्या शेंगा?"

पण टाकल्या नाहीत. कापसात गुंडाळून आपल्या डबीत ठेवल्या आणि डबी ट्रंकेत गेली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. संपलं, असं मला वाटलं.

*

आणि आता हा शेवटचा.

रविवारची सकाळ. हे पेपर वाचत होते, नलू वाटीभर साखर मागायला आली होती. न कळवता दारात काका उभे! हातात पिशवी, अंगावर गाडीचा धुरळा. मी पदर सावरून नमस्काराला वाकले आणि आत हाक मारली, "आक्का, पाणी आणा हो, काका आलेत!"

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

अंबाड्यावर पावाच्या मोगऱ्याचा गजरा. अख्खा, भरगच्च. आणि दोन्ही कानांत आमच्या त्या शेंगा, एक जाड, एक वाकडी. उजव्या पाळीवर रक्ताचा एक वाळलेला ठिपका होता. बुजत आलेलं भोक त्यांनी त्याच सकाळी तारेनं पुन्हा उघडलं होतं.

नलूच्या हातातली वाटी कलंडली. ह्यांचा पेपर तोंडासमोर गेला तो खाली येईना.

काकांनी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग जड आवाजात विचारलं, "यमे, हे काय?"

आक्कांनी तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"टेस्टिंग चालू आहे, काका."

"म्हणजे?"

"टिकतं की विरघळतं, ते अंगावर घालूनच बघावं लागतं."

काकांनी तांब्या घेतला. घटघट सगळं पाणी प्यायले. मिशा पुसल्या. पुन्हा एकदा त्या वाकड्या कळीकडे बघितलं आणि रिकामा तांब्या पुतणीच्या हातात देत म्हणाले, "किती दिवस चालायचं हे?"

आक्का म्हणाल्या, "इथली हवा दमट आहे, काका. काहीच लवकर वाळत नाही."