नरसय्यांनी ओळखलेली चादर

नव्या सोलापुरी चादरीचा खळीचा वास आला की माझी मान आजही खाली जाते. पन्नास वर्षांपूर्वी काशीहून परतताना शेजारचे विणकर नरसय्या आणि मी एका दिवंगत राष्ट्रपतींचे संग्रहालय पाहावयास गेलो होतो. तेथील पलंगावर एक चादर अंथरलेली होती.

"पंतुलू, आमच्याच मागावरची की ही. काठ बघा," म्हणत नरसय्यांनी ती चाचपली. मला गुरुजी न म्हणता ते तेलुगूत पंतुलूच म्हणत.

पहारेकऱ्याने त्यांचे मनगट धरले. "ये आपके साथ हैं?" त्याने मला विचारले.

विद्यार्थ्यांना सत्यवचन शिकविणारा मी भिंतीवरची पाटी वाचू लागलो.

"नै साब, अकेलाच आया मैं," नरसय्या शांतपणे म्हणाले.

माझ्या गंगाजलाची पिशवी खांद्यावर घेऊन ते बाहेर गेले. मी मात्र उरलेली दालने पाहत राहिलो.