बसल्या हाताचं घड्याळ

आमच्या तोचिनाई गावच्या डोंगरावरचे देवदार सरळ वाढतात. ते पाडणारी माणसंही ताठच चालतात, आणि इवाओ त्या सगळ्यांत ताठ. झाडाला पहिला काप घालण्याआधी तो बुंध्यावर तळहात ठेवून उभा राहायचा, जणू झाडाचा ताप पाहतोय. मग म्हणायचा, "त्या खडकाच्या उजवीकडे पडेल." झाड तिथंच पडायचं. मी त्याचा शेजारी. त्याच्या घरातलं बरंच काही भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. उरलेलं त्यानं पुढे स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी उतारावर त्याचा पाय घसरला. करवत हातातून सुटली नाही, पण झाड भलतीकडे कललं. खाली उभा असलेला एक जण कसाबसा बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी मुकादम कुदोनं इवाओच्या हातात एक घडीची खुर्ची आणि लाल झेंडा दिला.

"इवाओ-सान, तुम्ही खाली रस्त्यावर बसा. वळणावर लाकडाचा ट्रक आला की वरच्यांना झेंडा दाखवायचा."

"किती दिवस?"

कुदोनं दोराची गाठ तपासल्यासारखं केलं. "बघू," म्हणाला.

इवाओनं घरी हे सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. जंगल सोसायटीचं काम त्या साली डोंगरापलीकडच्या खोऱ्यात होतं, आणि तोचिनाईतून तिकडे जाणारा तो एकटाच होता. सकाळी सोसायटीची गाडी त्याला न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. घरी येण्याआधी तो पँटच्या गुडघ्यांवर भुसा चोळायचा.

त्याच सुमारास त्याचं जुनं घड्याळ कायमचं बंद पडलं. बायको तोमिए म्हणाली, "चला, नवीन घेऊ. जंगलात वेळ नको का कळायला?" दोघं बसनं शहरात गेली, हातायामाच्या दुकानात. आमच्या भागातल्या पोरांनी नोकरीला लागताना पहिलं घड्याळ हातायामाकडूनच घ्यायचं, हा जुना रिवाज. म्हातारा हातायामा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त पाहतो.

"काम कुठलं?" त्यानं विचारलं.

"झाडं पाडतात," तोमिएनं सांगून टाकलं.

म्हाताऱ्यानं काचेखालून एक घड्याळ काढलं. काळपट हिरवी तबकडी, ठळक आकडे, जाड कापडी पट्टा. नखरा कसलाच नाही. "हे रानात वावरणाऱ्याचं घड्याळ. पाण्याला भीत नाही, आपटलं तरी रुसत नाही, अंधारात आकडे दिसतात. खिशालाही झेपेल. यात सेल नाही. हात हलला की आतली चकती झुलते आणि चावी आपोआप भरली जाते." मग त्यानं घड्याळ उलटं करून पाठीची काच दाखवली. आत एक अर्धगोल चकती डोलत होती. "फक्त एक गोष्ट आहे. बसून काम असेल तर हे घेऊ नका. तशा कामाला ते सेलवालं बरं."

तोमिए खळखळून हसली. "बसून? अहो, हा माणूस जेवतानासुद्धा धड बसत नाही!"

इवाओला सेलवालंच हवं होतं. ते समोरच होतं, हात लांब करायचा अवकाश. पण ते मागितलं तर कारण सांगावं लागेल, असं त्याला वाटलं. कारण कोणी विचारणार नव्हतं. पण लपवणाऱ्याला प्रत्येक गोष्टीत प्रश्न ऐकू येतो. त्यानं हिरव्या तबकडीचं घड्याळ उचललं आणि जरा मोठ्यानंच म्हणाला, "हेच द्या. माझा हात काही बसणारा नाही."

बर्फ पडायला लागलं. पलीकडच्या खोऱ्यात ट्रक फार येत नसत. इवाओ खुर्चीवर, झेंडा मांडीवर, हात बाह्यांत. वरून करवतींचा आवाज यायचा आणि मग झाड कोसळल्याचा तो खोल दणका ऐकू यायचा. ऐकूनच त्याला कळायचं की झाड कुठल्या बाजूला पडलं आणि कुठल्या बाजूला पडायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात घड्याळ मागे पडू लागलं. मग आजूबाजूला कोणी नाही हे पाहून तो डावा हात वर करून हलवायचा, अंगावरची माशी हाकलावी तसा. एकदा नेमका वळणावरून ट्रक आला. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा निरोप देतोय. त्यानंही खिडकीतून हात हलवला आणि जाता जाता हॉर्न दिला. इवाओला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एका शनिवारी अर्धा दिवस काम होतं. तोमिएच्या बहिणीला शहरातल्या इस्पितळातून घरी सोडणार होते, आणि तिला आणायला तोमिएनं दुपारची बस धरायची होती. घरची छोटी गाडी तेव्हा मुलाकडे होती. तोमिए मागच्या खोपीत लोणच्यासाठी मुळे मिठात दाबत होती. इवाओ नुकताच जंगलातून आलेला.

"किती वाजले हो?" तिनं आतून विचारलं.

त्यानं मनगट पाहिलं. "वेळ आहे अजून."

घड्याळ केव्हाच थांबलं होतं. तोमिए थांब्यावर पोहोचली तेव्हा रस्त्यावर बसच्या चाकांच्या खुणा होत्या आणि त्यांवर नवं बर्फ बसत होतं. बहीण संध्याकाळपर्यंत इस्पितळाच्या दारातल्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली.

रात्री तोमिएचा आवाज आमच्या घरात ऐकू येत होता. "अख्खा दिवस झाडांशी झटणारा माणूस, त्याच्या हातावर घड्याळ बंद पडतं? म्हणजे आपल्याला गंडवलं! तुम्ही गप्प का? तुमचा हा भिडस्तपणा! मीच फोन करते."

"राहू दे," इवाओ म्हणाला.

"का राहू दे?"

सकाळी तिनं फोन केला. हातायामानं घड्याळ मागवून घेतलं.

काही दिवसांनी म्हातारा स्वतः आला. काळा कोट, हातात मिठाईचा कागदात बांधलेला डबा. चटईवर गुडघे टेकून त्यानं डबा पुढे सरकवला आणि कपाळ जमिनीला लावलं. "आतलं तेल सुकलं होतं. चूक आमची. आपल्या बहिणीला फार त्रास झाला."

तोमिए म्हणाली, "तुम्ही एवढ्या बर्फात आलात, झालं तर मग."

मग हातायामानं घड्याळ स्वतःच्या हातानं इवाओच्या मनगटाला बांधलं. पट्टा ओढताना त्याची नजर तळव्यावर गेली. घट्टे मऊ पडले होते. नखांत राळेचा काळा धागाही नव्हता. म्हाताऱ्यानं ते घड्याळ आठवडाभर स्वतःच्या हातात घालून पाहिलं होतं आणि ते एक मिनिटही मागे पडलं नव्हतं. हे त्यानं सांगितलं नाही. फक्त बांधून झाल्यावर इवाओची बाही खाली ओढली, एखाद्याची उघडी पडलेली गोष्ट झाकावी तशी. इवाओ तिथं बसून राहिला. पुढे कधीतरी मला तो म्हणाला, "झाड अंगावर आलं असतं तर मी सरकलो असतो. त्या वाकलेल्या डोक्यापुढून मला सरकता येईना."

तोमिए काही दुष्ट बाई नाही. पण घडलेली गोष्ट पोटात राहत नाही आमच्याकडे कोणाच्याच. मिठाईचा एकेक तुकडा तिनं घरोघर दिला, आणि तुकड्याबरोबर हकिकतही दिली. म्हातारा आता थकला, तेल सुकलेली घड्याळं विकतो.

बर्फ वितळलं आणि गावानं पाट साफ करायचा दिवस आला. घरोघरची माणसं फावडी घेऊन पाटात उतरली. मिनागावाच्या घरची सून म्हणाली, "आमचा धाकटा नोकरीला लागला. हातायामाकडेच जाणार होतो. पण तोमिए-सानचं ऐकलं आणि हायवेवरच्या मोठ्या दुकानातून आणलं."

"आम्हीपण," पलीकडून कोणीतरी म्हणालं. "तो दुकान बंद करणार म्हणे. ह्या वसंतात, ऐन नोकऱ्या लागायच्या दिवसांत, गिऱ्हाईकच नाही फिरकलं."

"वाईट वाटतं हो," तोमिए म्हणाली. "पण करणार काय?"

इवाओ गुडघाभर गार पाण्यात उभा होता. त्यानं फावडं काठाला टेकवलं.

"घड्याळात खोट नव्हती," तो म्हणाला. "मी झाडं पाडत नाही. रस्त्यावर खुर्चीत बसून झेंडा दाखवतो. हात हलत नाही, म्हणून ते थांबलं."

मिनागावाचा थोरला खो खो हसला. "इवाओ-सान आणि खुर्चीत! सकाळी सकाळीच साके लावली काय?" त्याच्या मागून सगळे हसले. मीही हसलो.

मग त्याला ते पुन्हा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यानं आमच्याकडे पाहून सांगितलं होतं. दुसऱ्यांदा पाण्याकडे पाहून सांगितलं. आवाज लहान झाला होता, आणि या खेपेला कोणी हसलं नाही. तोमिए चिखल काढतच राहिली, तिथला चिखल संपला तरी.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या बर्फाआधीपासून."

"माझी बहीण त्या बाकावर बसून होती."

"हो."

"आणि तो म्हातारा माझ्यापुढे डोकं टेकून गेला. तुम्ही बघत बसलात."

"हो."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला जेवणाचा डबा दिला तो निम्म्या आकाराचा होता. झाड पाडणाऱ्याचा भात वेगळा आणि झेंडा दाखवणाऱ्याचा वेगळा. इवाओनं डबा हातात तोलून पाहिला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानं पँटवर भुसा चोळायचं सोडून दिलं.

रविवारी ती म्हणाली, "चांगले कपडे घाला. शहरात जायचंय." मीही बसमध्ये होतो, माझ्या कामासाठी; पण खरं सांगायचं तर त्यांच्या मागोमाग दुकानापर्यंत गेलो. दुकानात काचेच्या कपाटांमध्ये दोन-तीन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. इवाओनं तिथंच गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावलं.

"माझ्या खोटेपणापायी तुमच्या दुकानाचं नाव गेलं," तो फरशीला म्हणाला.

हातायामा गडबडीनं गल्ल्यामागून बाहेर आला आणि त्याच्यासमोर तसाच वाकला. "नको, नको. तेल सुकल्याचं खोटं तर मीच बोललो तुमच्या घरी. घड्याळजीनं चांगल्या घड्याळाला वाईट म्हणायचं नसतं."

"चूक माझी."

"नाही, माझी."

दोघांची डोकी खाली. आधी वर कोण करणार? कोणीच करेना. तोमिए बाजूला उभी, तोंड अजून घट्ट मिटलेलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. एक बाई आणि तिची उंच, नव्या कोटातली मुलगी उंबऱ्यावर येऊन थबकल्या आणि जमिनीवरचे दोन म्हातारे पाहून माघारी वळू लागल्या.

"या ना, या, आत या," तोमिए घाईनं म्हणाली. मग खाली पाहून, आमच्या गल्लीत ऐकू जायचा त्याच आवाजात म्हणाली, "आता पुरे दोघांचं. उठा बघू! गिऱ्हाईक आलंय."